स्वतंत्र लॉगिनवाल्या वायफायला लॅपटॉप जोडायचा तर आधी क्रम नीट लावा

रत्नागिरी, चिपळूण, दापोली, कुडाळ, सावंतवाडी, कुठलंही कॉलेज घ्या नाहीतर जरा मोठं ऑफिस घ्या, जिथे प्रत्येकाला स्वतःचं युजरनेम आणि पासवर्ड देऊन वायफाय दिलंय तिथे ॲडमिशनच्या दिवसांत एकच गाऱ्हाणं ऐकू येतं: सिग्नल फुल दिसतोय पण कनेक्ट होत नाही. बहुतेक वेळा नेटवर्क ठीक असतं, लॅपटॉपही ठीक असतो, क्रम चुकलेला असतो. लोक लॅपटॉप उघडला की पहिलं काय करतात तर वायफायच्या नावावर क्लिक, युजरनेम पासवर्ड मागितला की टाकला, पुढे जी खिडकी येईल तिला न वाचता कनेक्ट म्हटलं, आणि नाही जमलं की तेच पुन्हा पुन्हा, शेवटी अकाउंटच लॉक. त्या नावावर क्लिक करायचं काम सगळी तयारी झाल्यावरचं आहे. त्याच्या आधीचं जे आहे ते सगळं खाली क्रमाने लिहिलंय, कृपा करून क्रम बदलू नका.

## टप्पा १: हे नेटवर्क नक्की कुठल्या प्रकारचं आहे ते बघा

घरच्या वायफायला सगळ्यांचा मिळून एकच पासवर्ड असतो. लॉजमध्ये किंवा स्टेशनवर आधी कनेक्ट होतं आणि मग ब्राउझरमध्ये एक पान उघडून मोबाईल नंबर, ओटीपी मागतात. आपण ज्याबद्दल बोलतोय ते तिसरं, याला डब्ल्यूपीए२ एंटरप्राइज किंवा डब्ल्यूपीए३ एंटरप्राइज म्हणतात, यात कनेक्ट होतानाच युजरनेम आणि पासवर्ड दोन्ही मागतात आणि ते तपासायचं काम छताला लावलेला डबा करत नाही, तो फक्त निरोप्या असतो, तपासतो मागे कुठेतरी सर्व्हर रूममध्ये बसलेला रेडियस सर्व्हर. ही गोष्ट डोक्यात ठेवा, पुढे अर्ध्या अडचणी यातूनच उलगडतात.

तपासा: कनेक्ट करताना फक्त पासवर्ड विचारतंय, युजरनेम विचारतच नाही, तर तुम्ही चुकीच्या नेटवर्कवर आहात. बऱ्याच ठिकाणी पाहुण्यांसाठी वेगळं आणि स्टाफ-विद्यार्थ्यांसाठी वेगळं अशी दोन सारख्या नावांची नेटवर्क असतात. आणि ब्राउझरमध्ये लॉगिनचं पान उघडायची वाट बघत बसू नका, इथे तसलं पान सहसा येत नाही.

## टप्पा २: आयटी सेलकडून ही माहिती लिहून घ्या

तोंडी नको, कागदावर किंवा त्यांनी काढलेल्या नोटिसचा फोटो.

१. नेटवर्कचं नेमकं नाव, स्पेलिंगसकट, कॅपिटल-स्मॉलसकट.
२. युजरनेम कसं लिहायचं. नुसता रोल नंबर, की रोल नंबर ॲट संस्थेचं डोमेन, की आधी डोमेन मग उलटी तिरकी रेघ आणि मग नाव. यात सगळ्यात जास्त लोक अडकतात.
३. लॉगिन तपासायची पद्धत कुठली: पीईएपी, टीटीएलएस की टीएलएस (पहिल्या दोन आधी सर्व्हरपर्यंत एक सुरक्षित बोगदा उभा करतात). आणि आतली पद्धत, म्हणजे त्या बोगद्याच्या आत पासवर्ड तपासायची पद्धत कुठली, पीईएपी असेल तर बहुधा एमएस-चॅप व्ही२ असते, टीटीएलएस असेल तर बऱ्याचदा पॅप.
४. रेडियस सर्व्हरचं पूर्ण नाव, जे त्याच्या सर्टिफिकेटवर, म्हणजे सर्व्हरच्या डिजिटल ओळखपत्रावर असतं, आणि त्या सर्टिफिकेटची थंबप्रिंट, म्हणजे त्याची ओळख पटवणारा अक्षर-आकड्यांचा लांब क्रमांक.
५. त्या सर्टिफिकेटचं रूट, म्हणजे त्यावर सही करणाऱ्याचं मूळ सर्टिफिकेट, कुणाचं आहे, बाहेरच्या कंपनीचं की संस्थेने स्वतः बनवलेलं. स्वतःचं असेल तर ती फाइल.
६. तयार प्रोफाइल (ही सगळी सेटिंग आधीच भरलेली फाइल) किंवा इन्स्टॉलर आहे का. असेल तर तुमचं निम्मं काम झालं.
७. लॅपटॉपचा मॅक ॲड्रेस (वायफाय कार्डाचा ओळख क्रमांक, ॲपलच्या मॅकशी याचा संबंध नाही) आधी नोंदवावा लागतो का.

चौथा आणि पाचवा मुद्दा विचारला की काही ठिकाणी समोरचा म्हणतो कशाला हवंय, टाका पासवर्ड होईल कनेक्ट. होईलही. तरी विचारा, नम्रपणे पण विचाराच, कारण तुमचा पासवर्ड सुरक्षित राहणार की नाही हे याच दोन गोष्टींवर ठरतं, कसं ते टप्पा ७ मध्ये येतंय.

संस्थेत एज्युरोम, म्हणजे एकाच लॉगिनवर वेगवेगळ्या शिक्षणसंस्थांत चालणारं वायफाय असेल (भारतात ते अर्नेट इंडिया चालवतं) तर युजरनेममध्ये ॲट आणि पुढचं डोमेन लिहिणं सक्तीचं समजा. आपल्याच कॉलेजात कधी कधी नुसत्या नावावर चालून जातं आणि मग मुलगा मुंबई-पुण्याला दुसऱ्या संस्थेत प्रोजेक्टसाठी गेला की तिथे बंद, कारण तिथल्या सर्व्हरला ही विनंती कुठल्या संस्थेकडे पाठवायची तेच कळत नाही. त्यामुळे प्रवासाच्या आधी आपल्याच कॉलेजात पूर्ण नावाने जोडून खात्री करून घ्यायची.

## टप्पा ३: फाइली आधी उतरवून घ्या

वायफायला जोडायची प्रोफाइल उतरवायला इंटरनेट लागतं आणि इंटरनेट मिळवायला वायफाय लागतं. शहरात लोक मोबाईलचा हॉटस्पॉट लावून मोकळे होतात. आपल्याकडे कॉलेज डोंगराच्या कुशीत, हॉस्टेल त्याच्याही खाली, रेंज यायची तर गॅलरीच्या एका कोपऱ्यात, आणि पावसात तीही जाते. म्हणून प्रोफाइल, इन्स्टॉलर, रूट सर्टिफिकेट, आणि वायफाय कार्डाचा ड्रायव्हर जुना असेल तर तोही, हे सगळं जिथे चांगली रेंज मिळते तिथेच, घरी किंवा बाजारात किंवा एसटी स्टँडवर, उतरवून लॅपटॉपवर ठेवून घ्या. आयटी सेल पेनड्राइव्हवर देत असेल तर उत्तमच.

सावधान: प्रोफाइल संस्थेच्या वेबसाइटवरूनच किंवा आयटी सेलच्या हातूनच घ्या. व्हॉट्सॲप ग्रुपवर कुणी फॉरवर्ड केलेली सर्टिफिकेटची फाइल टाकू नका, मग तो कितीही ओळखीचा असो. रूट सर्टिफिकेट टाकणं म्हणजे त्याने सही केलेल्या कुठल्याही गोष्टीवर तुमचा लॅपटॉप विश्वास ठेवणार, त्यात वेबसाइटही आल्या.

## टप्पा ४: लॅपटॉप तयार करा

तारीख आणि वेळ. हे पहिलं. मे महिन्याच्या सुट्टीत लॅपटॉप कपाटात पडून असतो, बॅटरी पूर्ण उतरते, जुन्या मशीनची आतली छोटी बॅटरीही गेलेली असते आणि चालू केला की घड्याळ दोन-तीन वर्षं मागे. सर्टिफिकेटला सुरुवातीची आणि संपायची तारीख असते, लॅपटॉपच्या हिशोबाने सर्टिफिकेट अजून जन्मालाच आलेलं नसतं मग तो ते नाकारतो, आणि तुम्हाला फक्त कनेक्ट होत नाही एवढंच दिसतं. तारीख, वर्ष, टाइम झोन तिन्ही बघा, टाइम झोन भारताचा म्हणजे साडेपाच तास पुढचा असायला हवा.

जुना प्रयत्न पुसा. आधी कधी याच नावाला जोडायला बघितलं असेल तर ते विसरायला लावा. विंडोज ११ मध्ये सेटिंग्ज, नेटवर्क अँड इंटरनेट, वायफाय, मॅनेज नोन नेटवर्क्स, त्यात नाव शोधून फरगेट. मॅकवर वायफाय सेटिंगमध्ये नावापुढच्या तीन टिंबांवरून. लिनक्सवर सेव्ह केलेल्या नेटवर्कच्या यादीतून. अर्धवट चुकीचं जे काही साठलंय ते तसंच ठेवून वरून नवीन टाकलं तर कुठलं वापरलं जातंय ते कुणालाच सांगता येत नाही.

व्हीपीएन बंद. शिवाय कुणी घरच्या राउटरसाठी आयपी ॲड्रेस हाताने टाकून ठेवला असेल तर तो परत ऑटोमॅटिक करा, डीएनएससुद्धा.

रँडम हार्डवेअर ॲड्रेस. संस्थेत मॅक ॲड्रेस नोंदवायची पद्धत असेल तर या नेटवर्कपुरतं हे बंद ठेवा, विंडोजमध्ये याला रँडम हार्डवेअर ॲड्रेसेस म्हणतात, मॅकच्या नव्या आवृत्त्यांत प्रायव्हेट वायफाय ॲड्रेस. चालू राहिलं तर तुम्ही नोंदवलेला ॲड्रेस एक आणि लॅपटॉप दाखवतो दुसराच.

अपडेट. विंडोजची अपडेट बाकी असतील तर आधी करून घ्या, अर्थात वीज टिकेल अशा वेळी, अपडेट चालू असताना लाइट गेली आणि बॅटरी कमकुवत असली की नवीनच उद्योग होऊन बसतो.

## टप्पा ५: पासवर्ड खरंच चालतोय का ते वायफायच्या बाहेर तपासा

हा टप्पा कुणी करत नाही आणि वेळ इथेच वाचतो. संस्थेचं जे ईमेल किंवा विद्यार्थी पोर्टल आहे, जिथे हेच युजरनेम पासवर्ड चालतं, तिथे मोबाईल डेटावरून लॉगिन करून बघा. पहिल्यांदा मिळालेला पासवर्ड बऱ्याचदा तात्पुरता असतो आणि तो बदलल्याशिवाय अकाउंट पुढे सरकत नाही. पोर्टल तुम्हाला स्वच्छ सांगतं की आधी पासवर्ड बदला, वायफाय बिचारं बहुतेक वेळा नुसतं नाही म्हणतं. पोर्टलवरच लॉगिन होत नसेल तर लॅपटॉपला हात लावू नका, आधी पासवर्ड नीट करून आणा.

टाइप करतानाच्या चुका ठरलेल्या: ऑटोफिलने युजरनेमच्या शेवटी टाकलेली एक मोकळी जागा, कॅप्स लॉक, आणि कीबोर्ड मराठीवर राहिलेला. डोळ्याच्या चिन्हावर क्लिक करून पासवर्ड एकदा डोळ्यांनी वाचा.

सावधान: दोनदा नाकारलं तर तिसऱ्यांदा तेच टाकू नका. ठरावीक चुकांनंतर अकाउंट काही वेळ लॉक करायची व्यवस्था अनेक ठिकाणी असते, त्या काळात बरोबर पासवर्डही चालत नाही आणि मग माणूस बरोबरचाच पासवर्ड चुकीचा समजून बदलत बसतो.

## टप्पा ६: प्रोफाइल टाका

तयार इन्स्टॉलर असेल तर तोच चालवा, हाताने काही भरू नका. एज्युरोमसाठी गेटएज्युरोम नावाचं ॲप आहे, त्यात आपली संस्था यादीत सापडली की ती निवडायची, युजरनेम पासवर्ड टाकायचा, सर्व्हरचं नाव आणि सर्टिफिकेट ते स्वतः बसवतं. मॅकवर प्रोफाइलची फाइल उघडली की ती लगेच बसत नाही, सिस्टिम सेटिंग्जमध्ये जाऊन इन्स्टॉल म्हणावं लागतं, लोक फाइलवर दोनदा क्लिक करून झालं म्हणून निघून जातात.

विंडोजवर हाताने करायचं असेल तर कंट्रोल पॅनलमधून जा. वेळ लागतो पण सगळं स्पष्ट दिसतं.

१. संस्थेचं स्वतःचं रूट सर्टिफिकेट असेल तर ते आधी टाका. फाइल उघडा, इन्स्टॉल सर्टिफिकेट, आणि पुढे विंडोज विचारतं कुठे ठेवू तेव्हा ऑटोमॅटिक ठेवू नका, स्वतः ट्रस्टेड रूट सर्टिफिकेशन ऑथॉरिटीज निवडा. ऑटोमॅटिकवर सोडलं तर ते भलत्याच कप्प्यात जाऊन बसू शकतं आणि पुढच्या यादीत दिसत नाही.
२. कंट्रोल पॅनल, नेटवर्क अँड शेअरिंग सेंटर, सेट अप अ न्यू कनेक्शन, मॅन्युअली कनेक्ट टू अ वायरलेस नेटवर्क.
३. नाव जसंच्या तसं टाका. सिक्युरिटी टाइपमध्ये डब्ल्यूपीए२ एंटरप्राइज, किंवा आयटी सेलने सांगितलं असेल ते. खाली आपोआप कनेक्ट व्हायची खूण असते ती आत्ता काढून ठेवा, नाहीतर अर्ध्या सेटिंगवरच तो जोडायला धावतो.
४. नेक्स्ट म्हटल्यावर चेंज कनेक्शन सेटिंग्जवर क्लिक करा. क्लोज करून बाहेर पडू नका, खरं काम इथून पुढे आहे.
५. सिक्युरिटी टॅब. मायक्रोसॉफ्ट प्रोटेक्टेड ईएपी (म्हणजेच पीईएपी) निवडा, शेजारचं सेटिंग्ज उघडा.
६. सर्व्हरची ओळख सर्टिफिकेटवरून तपासायची खूण चालू ठेवा. त्याखाली सर्व्हरचं नाव टाका. त्याखालच्या यादीतून बरोबर रूट निवडा. दोन्ही करा. नुसतं रूट निवडलं आणि ते बाहेरच्या मोठ्या कंपनीचं असलं तर त्याच कंपनीकडून सर्टिफिकेट घेतलेला कुणीही तुमच्या लॅपटॉपला तुमचाच सर्व्हर वाटू शकतो.
७. त्याच खिडकीत खाली आतली पद्धत म्हणून सिक्युअर्ड पासवर्ड, एमएस-चॅप व्ही२. शेजारच्या कॉन्फिगरमध्ये विंडोजचं लॉगिन नाव-पासवर्ड आपोआप वापरायची खूण असेल तर काढा. तुमच्या लॅपटॉपचं लॉगिन आणि कॉलेजचं लॉगिन वेगळं आहे, खूण राहिली तर विंडोज तुमच्या लॅपटॉपचं नाव पाठवत बसतं आणि सर्व्हर म्हणतो हा कोण. शिवाय विंडोज ११ च्या २२एच२ पासून एंटरप्राइज आणि एज्युकेशन आवृत्त्यांत क्रेडेन्शियल गार्ड (विंडोजचं लॉगिन जपून ठेवणारी सोय) आपोआप चालू होतं, त्यामुळे ही आपोआपवाली युक्ती तिथे एमएस-चॅपसाठी बंदच पडलीय.
८. परत सिक्युरिटी टॅबवर येऊन ॲडव्हान्स्ड सेटिंग्ज, तिथे ऑथेंटिकेशन मोड यूजर ऑथेंटिकेशन करा आणि सेव्ह क्रेडेन्शियल्समध्ये युजरनेम पासवर्ड.
९. ओके, ओके, बंद. आता आपोआप कनेक्टची खूण परत लावलीत तरी चालेल.

लिनक्सवर, म्हणजे उबुंटू वगैरे, सगळं एकाच खिडकीत आहे. सिक्युरिटी डब्ल्यूपीए अँड डब्ल्यूपीए२ एंटरप्राइज, ऑथेंटिकेशन प्रोटेक्टेड ईएपी, अनॉनिमस आयडेंटिटी (बोगद्याच्या बाहेर दाखवायचं नाव) आयटी सेलने दिली असेल तर, डोमेनमध्ये सर्व्हरचं नाव, सीए सर्टिफिकेटमध्ये फाइल, इनर ऑथेंटिकेशन एमएस-चॅप व्ही२. इथे दोन चुका कायम होतात. एक, सर्टिफिकेट नको अशी खूण मारून मोकळं होणं. दुसरी, सर्टिफिकेटची फाइल डाउनलोड्समध्येच ठेवून तिकडूनच निवडणं आणि मग महिन्याने साफसफाई करताना ती उडवणं. फाइल होम फोल्डरमध्ये वेगळी जागा करून तिथे ठेवा आणि मगच निवडा. उबुंटू २२.०४ किंवा त्यापुढचं असेल आणि सगळं बरोबर असूनही जमत नसेल तर संस्थेचा रेडियस सर्व्हर फार जुना असण्याची शक्यता आहे, नवं ओपनएसएसएल (सुरक्षित जोडणी सांभाळणारा लॅपटॉपमधला भाग) जुन्या टीएलएस पद्धती नाकारतं, तेव्हा आयटी सेलला हे वाक्य जसंच्या तसं सांगा, लॅपटॉप फॉरमॅट करू नका.

टीटीएलएस आणि पॅप असेल तर विशेष जपा. पॅपमध्ये त्या सुरक्षित बोगद्याच्या आतून तुमचा पासवर्ड आहे तसाच सर्व्हरला जातो. बोगद्याच्या पलीकडे भलताच कुणी बसला असेल तर त्याला तो सरळ वाचता येतो.

तपासा: पुढे जाण्याआधी प्रोफाइल पुन्हा उघडून सर्व्हरचं नाव आणि रूट खरंच सेव्ह झालंय ना ते बघा.

## टप्पा ७: आता कनेक्ट करा, पण जागा आणि वेळ निवडून

जुनी इमारत असेल तर भिंती जांभ्याच्या, हातभर जाड. दोन खोल्या पलीकडे लावलेल्या ॲक्सेस पॉइंटचा, म्हणजे छतावरच्या त्या डब्याचा सिग्नल दोन काड्या दाखवतो खरा, पण या प्रकारच्या वायफायमध्ये जोडणीच्या वेळी सर्टिफिकेट तुकड्या-तुकड्यांनी येतं, दोन्हीकडून बरीच देवाणघेवाण होते, त्यातलं काही गळलं की वेळ संपते आणि पहिल्यापासून. घरचं वायफाय तेवढ्याच सिग्नलला जोडलं जातं म्हणून हेही जाईल असं धरू नका. पहिली जोडणी छतावरचा डबा समोर दिसतोय अशा जागी करा, नंतर खोलीत गेलात तरी चालतं.

आणि लाइट. लाइट गेली की कॉरिडॉरमधले डबे इन्व्हर्टरवर चालू राहतात, नाव दिसत राहतं, सिग्नल फुल, पण मधला स्विच किंवा रेडियस सर्व्हर बंद पडलेला असतो. तेव्हा कितीही पासवर्ड टाका, तपासणाराच जागेवर नाही. लाइट आल्यावरही सगळ्या हॉस्टेलचे फोन-लॅपटॉप एकदम तुटून पडतात, तेव्हा दहा-पंधरा मिनिटं थांबा.

आता नावावर क्लिक करा. प्रोफाइल नीट टाकलेली असेल तर लॅपटॉप काही न विचारता जोडला जायला हवा. सर्टिफिकेटवर विश्वास ठेवू का असं विचारलंच, तर थांबा. विंडोज म्हणतं कंटिन्यू कनेक्टिंग, मॅक सर्टिफिकेट दाखवून परवानगी मागतो. इथे बहुतेक जण न वाचता पुढे जातात. बँकेतून आलोय म्हणणाऱ्याला ओळखपत्र न बघता आपण पासबुक देत नाही, इथे मात्र देतो.

धोका खरा आहे. कुणीही साधा राउटर आणून त्याला कॉलेजच्या वायफायचंच नाव देऊ शकतो, नावाला कुलूप नसतं. तुम्ही त्याचं सर्टिफिकेट मान्य केलंत की तुमच्या लॅपटॉपने पासवर्डवरून बनवलेलं उत्तर त्याच्या हाती जातं, आणि एमएस-चॅप व्ही२ चं उत्तर फोडता येतं हे २०१२ मध्येच जाहीर दाखवून झालंय. त्याच पासवर्डवर तुमचा ईमेल, परीक्षेचं पोर्टल, स्टाफ असाल तर कदाचित पगाराची पावतीसुद्धा. म्हणून सर्टिफिकेटचे तपशील उघडा, सर्व्हरचं नाव आणि थंबप्रिंट आयटी सेलने दिलेल्याशी जुळतंय का बघा. जुळत नसेल तर रद्द करा आणि त्यांना कळवा. आणि प्रोफाइल टाकूनही विचारलं गेलं असेल तर एक तर प्रोफाइल नीट बसलेली नाही, नाहीतर समोरचा सर्व्हर बदललाय, दोन्ही बाबतीत हो म्हणायचं कारण नाही.

## टप्पा ८: खरंच जोडलं गेलंय का

वायफायच्या प्रॉपर्टीज उघडा. सिक्युरिटी टाइपपुढे एंटरप्राइज दिसायला हवं, साइन-इनच्या प्रकारापुढे पीईएपी किंवा जे ठरलं ते. आयपी ॲड्रेस १६९.२५४ ने सुरू होत असेल तर लॉगिन झालंय पण आयपी मिळालेला नाही, म्हणजे पासवर्ड बरोबर आहे, त्याच्या मागे लागू नका. मग लॅपटॉप पूर्ण बंद करून चालू करा आणि स्वतःहून जोडला जातोय का बघा. नुसतं झाकण लावून उघडणं म्हणजे बंद करणं नाही.

## टप्पा ९: अडलं तर कुठे अडलं ते आधी ठरवा

नाव दिसतच नाही: लॅपटॉपचं वायफाय कार्ड जुनं असेल आणि तिथे फक्त ५ गिगाहर्ट्झ चालू असेल तर असं होतं. दुसऱ्याच्या लॅपटॉपवर दिसतं का बघा.

पासवर्ड पुन्हा पुन्हा मागतंय: युजरनेमची पद्धत, लॉक झालेलं अकाउंट, नाहीतर आतली पद्धत चुकलेली.

काहीच न मागता कनेक्ट होत नाही म्हणतंय: तारीख, सर्व्हरचं नाव, रूट, या क्रमाने.

जोडलं पण नेट नाही: आयपी, डीएनएस, व्हीपीएन, जुना प्रॉक्सी.

मित्राचं चालतंय माझं नाही: मित्राच्या लॅपटॉपवर तुमचं लॉगिन टाकून बघायचा मोह होतो, करू नका, तिथे तुमचा पासवर्ड साठून राहतो. त्याऐवजी तुमच्या फोनवर तुमचंच लॉगिन, अर्थात सर्टिफिकेट तपासूनच. फोनवर चाललं तर अकाउंट ठीक, गडबड लॅपटॉपच्या प्रोफाइलमध्ये.

आयटी सेलकडे जाताना वायफाय चालत नाही एवढंच सांगितलं तर तेही काही करू शकत नाहीत. युजरनेम, लॅपटॉपचा मॅक ॲड्रेस, कुठल्या इमारतीत कुठल्या मजल्यावर, बरोबर किती वाजता प्रयत्न केला आणि पडद्यावरच्या मेसेजचा फोटो, एवढं द्या. सर्व्हरच्या नोंदीत ते याच गोष्टींवरून शोधतात आणि नाकारायचं कारण तिथे लिहिलेलं असतं. पासवर्ड मात्र देऊ नका, त्यांना तो लागत नाही, आणि मागितला तरी नाही.

सावधान: आपलं लॉगिन गणपतीला आलेल्या भावाला, रूमवर आलेल्या मित्राला देऊ नका. यात प्रत्येक जोडणी तुमच्या नावाने नोंदली जाते. सर्ट-इनच्या (केंद्र सरकारची सायबर सुरक्षा संस्था) २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांत सरकारी संस्था, कंपन्या, सेवा देणारे यांनी लॉग १८० दिवस ठेवायला सांगितलेत, म्हणजे भाऊ मुंबईला परत गेला तरी त्याने इथे जे केलं ते तुमच्या नावावर राहतं. पाहुण्यांसाठी पाहुण्यांचं नेटवर्क मागा.

## टप्पा १०: पासवर्ड बदलताना

गौरी-गणपतीची सुट्टी संपवून परत आलं की पासवर्डची मुदत संपलेली असते, माणूस पोर्टलवर जाऊन नवीन ठेवतो आणि तासाभरात अकाउंट लॉक. कारण खिशातला फोन. त्यात जुना पासवर्ड साठलेला असतो आणि तो वायफायच्या टप्प्यात आला की न सांगता जुनाच पासवर्ड टाकत राहतो, एकदा नाही, सतत. टॅब असेल, जुना फोन चार्जिंगला लावलेला असेल, तोही तेच करतो. मग तुम्ही लॅपटॉपवर नवीन पासवर्ड कितीही नीट टाका.

म्हणून क्रम असा. आधी सगळ्या उपकरणांचं वायफाय बंद. मग मोबाईल डेटावरून पोर्टलवर पासवर्ड बदला. पोर्टलमधून बाहेर पडून नवीन पासवर्डने पुन्हा आत जाऊन बघा. मग एकेका उपकरणावर वायफाय चालू करायच्या आधी साठवलेला पासवर्ड बदला: इन्स्टॉलरने टाकलं असेल तर इन्स्टॉलर पुन्हा चालवा, विंडोजवर हाताने केलं असेल तर फरगेट करू नका, त्याने सर्व्हरचं नाव-रूट सगळंच जातं, नेटवर्कच्या प्रॉपर्टीजमधून सिक्युरिटी टॅबच्या ॲडव्हान्स्ड सेटिंग्जमध्ये जाऊन रिप्लेस क्रेडेन्शियल्स करा. विंडोज सेटिंग पटकन बदलू देत नसेल तर वायफाय चालू करा पण आपोआप कनेक्टची खूण काढून. शेवटी एकेक करून जोडा, पहिला लॅपटॉप, तो जोडला गेल्याची खात्री झाली की फोन, आणि तो जुना फोन जो कुणी वापरतच नाही त्याच्यातून हे नेटवर्क कायमचं काढून टाका.